मराठवाड्यातील पहिला हिवाळा: थंडीच्या लाटेत केळी, गोठा आणि घर कसे सांभाळावे

मराठवाडा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर उन्हाळा येतो. मीही २०१८ च्या उन्हाळ्यात पुण्यातील नोकरी सोडून हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील सासरच्या शेतावर राहायला आले, तेव्हा पंखे आणि कूलर आठवणीने आणले आणि स्वेटरांची पेटी माहेरी ठेवून दिली. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा ४ अंशांच्या खाली उतरला, आणि ओढ्याकाठी लावलेली आमची अडीच महिन्यांची केळी आठवडाभरात कडेने करपून पिवळी पडली. त्या आठवड्यात मी जी धावपळ केली, ती जवळजवळ सगळी चुकीच्या वेळी केली होती.

जे नव्याने शेतीकडे वळले आहेत, नोकरी सोडून गावी परतले आहेत किंवा लग्न होऊन शेतकरी कुटुंबात आले आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. आमच्याकडे केळी आणि हळद आहे, थोडा गहू-हरभरा आहे, दोन गाई आणि चार शेळ्या आहेत, त्यामुळे उदाहरणे त्यांचीच येतील. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी: इथली थंडी पहाटे मारते, पण तिच्यावरचा उपाय आदल्या दुपारी करायचा असतो. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच घड्याळाप्रमाणे लावल्या आहेत.

१. ही थंडी येते कशी, ते आधी समजून घ्यावे

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळी प्रणाली, सरकतात, हिमालयात बर्फ पडते आणि ते पुढे गेले की उत्तरेकडचे कोरडे, गार वारे मध्य भारत ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचतात. एवढ्यावर थंडी भागत नाही. मराठवाडा समुद्रापासून दूर आहे, हिवाळ्यात हवेत बाष्प कमी असते आणि आकाश निरभ्र असते. दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता रात्री अडवायला वर ढगांचे पांघरूण नसते. जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार होते आणि वारा पडलेला असेल तर ती गार हवा तिथेच बसून राहते. म्हणून दुपारी २७-२८ अंश आणि पहाटे ६-७ अंश, असा वीस अंशांचा फरक इथे एकाच दिवसात दिसतो. दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरणाऱ्या माणसाला पहाटे काय होणार आहे याची कल्पना येत नाही.

सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते. डिसेंबरअखेर आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि पारा तळ गाठतो तो त्याच्या थोडा आधी किंवा उगवतीच्या वेळी. रात्री अकराला बाहेर येऊन "आज फारसे नाही" असे म्हणून झोपी जाणे ही नवख्या माणसाची ठरलेली चूक आहे.

हवामान खात्याची व्याख्याही माहीत असावी. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आले आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक घसरलेले असेल, तर त्याला थंडीची लाट म्हणतात. घसरण साडेसहा अंशांच्या पलीकडे गेली की तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर आला तर सरासरी न पाहताच लाट मानतात, आणि २ अंशांवर आला तर तीव्र लाट. मात्र हे निकष हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस पूर्ण व्हावे लागतात. बातमीत "लाट आली" असे छापून येईपर्यंत आपल्या शेतातील दोन पहाटा होऊन गेलेल्या असू शकतात, म्हणून त्या शब्दाची वाट न पाहता अंदाजातील किमान तापमानाचा आकडा पाहावा.

२. आपल्या शेताचा गारठा स्वतः मोजावा

मोबाईलवर दिसणारा आकडा बहुधा जवळच्या शहराचा असतो. तुमच्या रानातील सखल कोपरा त्यापेक्षा दोन-तीन अंशांनी सहज गार असू शकतो. पहिल्या वर्षी मला हे पुस्तकातून कळले नाही. केळी पिवळी पडल्यावर शेजारच्या रानातील काका बांधावर येऊन उभे राहिले, त्यांनी ओढ्याकडे बोट केले आणि म्हणाले, "सूनबाई, गारठा बी पाण्यावानीच उताराकडं जातंय. तुमची केळी ओढ्याकाठी हाय, पहिला मान तुमचाच." वर मुरमाड माळावर असलेल्या त्यांच्या केळीला त्या आठवड्यात नावालाच झळ बसली होती.

गार हवा जड असते, ती उतारावरून वाहत येऊन ओढ्याच्या, नाल्याच्या आणि उंच बांधाच्या आडोशाला साचते. तेव्हा पावसाळ्यात जिथे पाणी तुंबते ती जागा आठवावी. हिवाळ्यात गारठा तिथेच तुंबतो. नवी बाग लावताना हे ध्यानात ठेवले, तर पुढच्या निम्म्या पायऱ्यांची गरज कमी होईल. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या केळीच्या बागेची (हिला कांदेबाग म्हणतात) रोपे थंडीत लहान आणि कोवळी असतात, ती तरी ओढ्याकाठी लावू नयेत.

मोजण्यासाठी कमाल-किमान तापमापक घ्यावा. शेती साहित्याच्या किंवा प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात तो मिळतो आणि आदल्या रात्री पारा किती खाली गेला होता ते सकाळी दाखवतो. मी तो आधी घराच्या भिंतीवर खिळ्याला टांगला होता. भिंत दिवसभर उन्हात तापते आणि रात्रभर ऊब सोडत राहते, त्यामुळे आमच्या तापमापकावर गावात सर्वांत कमी थंडी असायची! तो भिंतीपासून दूर, साधारण चार फूट उंचीवर, वरून आडोसा करून आणि बागेच्या सर्वांत खोलगट भागात लावावा. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतचा गारठा या उंचीवरच्या आकड्यापेक्षाही दोन ते चार अंशांनी अधिक असतो, हे गृहीत धरूनच लहान रोपांचा विचार करावा.

अंदाजासाठी हवामान खात्याचे "मौसम" आणि शेतकऱ्यांसाठीचे "मेघदूत" ही ॲप्स आहेत. मेघदूतवर जिल्हानिहाय सल्ला मराठीत मिळतो. ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. आमच्या भागासाठी ती परभणीच्या विद्यापीठातून येते. मंगळवारी संध्याकाळी ती वाचायची सवय लावली तर पुढच्या चार-पाच दिवसांची कामे ठरवता येतात.

याखेरीज एक खूण आहे, तिला कोणतेही ॲप लागत नाही. दिवस मावळताना वारा पडला, आकाशात एकही ढग नाही, आणि गावातील चुलींचा धूर वर न जाता घरांच्या छपरांच्या थोडा वर आडव्या पट्ट्यासारखा पसरून राहिला, तर समजावे की खाली गार आणि वर ऊबदार हवेचा थर बसला आहे. अशा संध्याकाळनंतरची पहाट कडक जाते. उलट दुपारनंतर आभाळ भरून आले तर त्या रात्री निवांत झोपायला हरकत नाही, फक्त सकाळी करडई आणि ज्वारीवरचा मावा (रस शोषणारी बारीक कीड) पाहावा.

३. सामान नोव्हेंबरातच जमवावे

लाट आल्यावर बाजारात शेडनेट मिळत नाही, आणि मिळाले तर दुकानदार सांगेल ती किंमत द्यावी लागते. आमच्या घरी दिवाळी आटोपली की पुढील वस्तू एका कोपऱ्यात काढून ठेवतो:

- कमाल-किमान तापमापक, शक्यतो दोन
- रिकामी बारदाने, आणि ती शिवायला दाभण व सुतळी
- शेडनेट किंवा जुन्या साड्या, बांबूच्या कामट्या
- केळीच्या घडांवर घालायच्या पिशव्या (स्कर्टिंग बॅगा)
- वाळलेली केळीची पाने, काडीकचरा, पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडे) आणि थोडे ओले तण
- चांगली बॅटरी, गमबूट, कानटोप्या

शेवटच्या ओळीला हसू नये. पहाटे चारला ओल्या वाफ्यात चपलेने उभे राहिल्यावर पावलांना जे होते, त्यानंतर माणूस बागेचा विचार सोडून घरी पळतो.

४. पाणी: उन्हात द्यावे, की पहाटे?

सर्वांत जास्त गोंधळ याच पायरीवर होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

कोरडी, भेगाळलेली काळी जमीन दिवसाची उष्णता पुरेशी साठवत नाही. ओलसर जमीन ती साठवते आणि रात्री हळूहळू वर सोडते. म्हणून लाटेच्या अंदाजाच्या एक-दोन दिवस आधी बागेत हलके पाणी फिरवून जमीन वाफशाच्या, म्हणजे ओल असूनही चिखल नसलेल्या स्थितीच्या, जवळ ठेवावी. चिखल करू नये. पाणी तुंबलेल्या जमिनीत केळीची मुळे आधीच गुदमरलेली असतात, त्यांना थंडीचा आणखी त्रास होतो.

दुसरा भाग पहाटेच्या पाण्याचा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वर्षभर साधारण सारख्याच तापमानाचे असते; पहाटे पारा ६ अंशांवर असताना पाइपातून निघणाऱ्या पाण्याची वाफ दिसते आणि हात धरला तर ते चक्क कोमट लागते. हे पाणी ठिबकने पहाटेच्या वेळी सोडले की झाडाच्या बुंध्याशी ऊब मिळते, म्हणून फळबागेला रात्री किंवा पहाटे पाणी देण्याचा सल्ला दिला जातो. कालव्याचे पाणी मात्र असे नसते. आमच्याकडे पूर्णा प्रकल्पाची, म्हणजे येलदरी-सिद्धेश्वरची पाळी येते. ते पाणी उघड्यावरून वाहत आलेले आणि रात्रीचे गारढोण असते. पहिल्या वर्षी "पहाटे पाणी द्या" एवढेच अर्धवट ऐकून मी कालव्याचे पाणी पहाटे पाचला केळीत सोडले होते. कालव्याचे पाणी द्यायचे असेल तर दुपारी द्यावे.

आता विजेचा प्रश्न. शेतीची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी असेल तर मोटार चालू करून घरी यावे, रात्रभर बांधावर कुडकुडत बसू नये. ठिबक असेल तर ते शक्यही आहे. ज्यांच्याकडे सौर पंप आहे त्यांना पहाटे पाणी देता येणार नाही, त्यांनी दुपारी बारा ते चार या वेळात जमीन ओली करून घ्यावी. यात काही वावगे नाही. माझ्या मते सौर पंपवाल्याला हे पाळणे उलट सोपे जाते, कारण चुकीच्या वेळी पाणी देण्याची सोयच त्याच्याकडे नसते. तुषार संचाने पहाटे पाणी उडवण्याचा प्रयोग नवख्यांनी करू नये. मधेच वीज गेली तर ओली पाने वाऱ्याने अधिकच गार होतात.

५. झाकणे आणि वारा अडवणे

रोपवाटिका, मिरची-टोमॅटोची लागण आणि पपईची रोपे रात्री झाकावीत. यात तीन गोष्टी पाळाव्यात. झाकण पानांना टेकता कामा नये, कारण जिथे प्लास्टिक टेकते तिथेच पान आधी काळे पडते; म्हणून कामट्यांची कमान करून त्यावर आच्छादन टाकावे. झाकण जमिनीपर्यंत आणावे, कारण ऊब जमिनीतूनच यायची आहे. आणि ते दिवस मावळायच्या आत टाकावे. आठ वाजता टाकलेले आच्छादन गार झालेली हवा आत कोंडून ठेवते. सकाळी ऊन चढले की ते काढायला विसरू नये, नाहीतर थंडीने वाचलेली रोपे दुपारी आतच शिजतात.

केळीच्या बागेला उत्तर आणि पूर्व बाजूंनी वारारोधक हवा. शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी लावणीच्या वेळीच लावाव्यात. ते राहून गेले असेल तर बांबू रोवून शेडनेट बांधावे. निसवलेल्या, म्हणजे झाडातून बाहेर पडलेल्या, घडांना स्कर्टिंग बॅग घालावी. करपा रोगाने पूर्ण खराब झालेली पाने काढावीत, पण बाग स्वच्छ दिसावी म्हणून खोडाला लोंबणारी वाळकी पाने या दोन महिन्यांत छाटू नयेत. खोडाचे तेवढेच पांघरूण असते.

केळीचे नुकसान कसे होते, तेही पाहून ठेवावे. पारा १०-१२ अंशांच्या खाली राहिला की नवीन पोगा (मधले गुंडाळलेले कोवळे पान) बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. निसवणीला आलेल्या झाडात घड गळ्याशीच अडकतो, अर्धवट बाहेर येतो, फण्या दाटीवाटीने वेड्यावाकड्या येतात. तयार फळाची साल वरून हिरवी दिसली तरी नखाने खरवडल्यावर आत तपकिरी रेषा दिसतात, आणि असा माल पिकवणीत नीट रंग धरत नाही. व्यापारी ते नख लावूनच पाहतो. त्याच्याआधी आपण पाहावे.

गव्हाची मात्र चिंता नको, त्याला थंडी मानवते आणि फुटवे चांगले येतात. हरभऱ्यालाही थंड हवा हवी असते; फक्त फुलोऱ्यात पारा फार खाली गेला तर फुले गळतात, तेव्हा हलके पाणी द्यावे. हळदीची पाने याच काळात आपसूक वाळतात, ते पाहून घाबरू नये.

६. पहाटेच्या शेकोट्या

"बागेत धूर करा" हा सल्ला तुम्हाला प्रत्येक जण देईल. पहिल्या वर्षी मी तो मनापासून पाळला. बांधाच्या कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा पुरुषभर उंच ढीग रचला आणि रात्री बाराला पेटवला. ज्वाला लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेल्या, गावातून दोघे जण आग लागली म्हणून धावत आले, ठिबकची एक नळी वितळून जमिनीला चिकटली, आणि दोन वाजेपर्यंत सगळे जळून राख झाले. सहा वाजता, म्हणजे खऱ्या गरजेच्या वेळी, त्या राखेवर हात शेकण्यापुरतीही धग उरली नव्हती.

मोठी आग उलट काम करते. तिची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. लहान, धुमसत्या शेकोट्यांची ऊब मात्र झाडांच्या उंचीवर राहते आणि साचलेली हवा हळूहळू ढवळली जाते. केवळ धुराने जमिनीची उष्णता फारशी अडत नाही. काम होते ते या ऊबेने आणि हवेच्या हालचालीने. त्यामुळे धूर दाट करण्यासाठी टायर, प्लास्टिक किंवा जुनी मल्चिंग फिल्म जाळण्यात कसलाही फायदा नाही, नुकसान मात्र आपल्या आणि शेजाऱ्याच्या छातीला आहे.

आमची आताची पद्धत अशी: एका एकरात आठ-दहा लहान ढिगारे, तेही संध्याकाळीच रचून ठेवलेले. खाली वाळका काडीकचरा, वर केळीची पाने आणि सर्वांत वर ओले तण, म्हणजे ज्वाला न होता ढिगारा धुमसत राहतो. पहाटे साडेतीन-चारला तापमापक पाहावा. आकडा ८ च्या वर असेल तर परत झोपावे. खाली असेल तर ज्या बाजूने हवा येत असेल त्या बाजूचे ढिगारे आधी पेटवावेत आणि ऊन पानांवर पडेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवावे. ढिगाऱ्यापासून ठिबकच्या नळ्या दोन हात बाजूला सारलेल्या असाव्यात. शेजारी ऊस किंवा वाळलेली तूर उभी असेल तर त्या बांधावर शेकोटी करूच नये.

७. गोठा

मोठ्या जनावरांना थंडी आपल्याएवढी बाधत नाही, वासरांना आणि करडांना बाधते. गोठ्याच्या उत्तर आणि पूर्व बाजूंना बारदानांचे पडदे शिवून सोडावेत, पण वरचा हातभर भाग उघडा ठेवावा. चहूबाजूंनी घट्ट बंद केलेल्या गोठ्यात मुताचा वास कोंडतो, ओल वाढते आणि वासरांना फुफ्फुसाचा आजार त्यातूनच होतो. खाली कोरडे काड पसरावे व ते रोज बदलावे. ओल्या फरशीवर बसलेल्या वासराला वरून कितीही पोती पांघरली तरी उपयोग नाही.

वैरणीचे घड्याळही बदलावे. कडबा आणि कोरडी वैरण संध्याकाळी द्यावी, कारण रवंथ आणि पचन चालू असताना जनावराच्या अंगात ऊब तयार होते आणि ती रात्रीला पुरते. टाकीतले रात्रीचे पाणी सकाळी पाजू नये. ताजे विहिरीचे पाणी काढावे. नव्याने जन्मलेले वासरू लगेच कोरड्या फडक्याने खसाखसा पुसावे आणि पहिल्या तासा-दोन तासांत त्याला चीक पाजावा. आमच्या शेळीचे एक करडू पहाटे मान टाकून पडलेले सापडले होते. ते चुलीपुढे पोत्यात गुंडाळून, पुसून, थोडे थोडे कोमट दूध पाजल्यावर तासाभराने उभे राहिले. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक भिंतीवर खडूने लिहून ठेवावा.

८. घर आणि माणसे

माळवदाच्या जुन्या घरात रात्र सुसह्य जाते, पत्र्याचे घर मात्र दिवस मावळताच गार पडते. पत्र्याखाली जुन्या साड्यांचे छत बांधले तरी फरक जाणवतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंथरुणाकडे लक्ष द्यावे: खाली सतरंजी, तिच्यावर वाकळ, मग माणूस, मग दुसरी वाकळ. इथे थंडी वाजते असे फारसे कोणी म्हणत नाही, "हिव वाजतंय" म्हणतात, आणि म्हातारे माणूस तसे म्हणेनासे झाले की खरी काळजी करावी. कुडकुडणे थांबले, बोलणे अडखळू लागले, ग्लानी आली, तर शरीराचे तापमान घसरल्याची ती लक्षणे आहेत. ओले कपडे बदलावेत, कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गोड गरम पेय द्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दारू अजिबात देऊ नये. तिने ऊब आल्यासारखे वाटते, पण शरीराची उष्णता उलट लवकर निघून जाते. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांना उजाडण्यापूर्वी फिरायला किंवा धारा काढायला पाठवू नये.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे हा या दिवसांतील सर्वांत मोठा धोका आहे. पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंच्या खोलीत आम्ही निखाऱ्यांची घमेली ठेवली आणि दार लोटून घेतले. पहाटे त्यांना उलटीची भावना झाली, माझे डोके ठणकत होते, आणि आम्ही दोघी ते रात्रीच्या वांग्याच्या भाजीवर ढकलत होतो. मामंजींनी दार उघडून घमेली बाहेर नेली, तेव्हा कारण कळले. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, धूरही दिसत नाही. शेकायचे ते दार-खिडकी उघडी ठेवून, आणि झोपण्यापूर्वी निखारे घराबाहेर. न्हाणीघरातील गॅस गिझरलाही हाच नियम लागू आहे: गिझर बाहेर बसवावा, किमान झरोका तरी उघडा ठेवावा.

पाणी तापवायच्या रॉडबद्दल एवढेच सांगते: रॉड पाण्यात बुडवल्यावर बटण चालू करावे आणि बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये.

तुमच्या रानात ऊसतोड कामगारांची टोळी उतरली असेल तर त्यांच्या कोप्यांकडेही (झोपड्यांकडेही) पाहावे. ती माणसे लहान लेकरांसह पाचटाच्या कोपीत राहतात. जुनी ताडपत्री, कोरडे पाचट आणि सरपण देणे आपल्याला सहज शक्य असते.

९. विम्याची कागदपत्रे: हे काम ऑक्टोबरातले

ही पायरी शेवटाकडे आली असली तरी काळाच्या क्रमाने ती पहिली आहे. केळी, मोसंबी, द्राक्षे अशा पिकांसाठी हवामान आधारित फळपीक विमा योजना असते, आणि आंबिया बहर या हिवाळी हंगामासाठी अर्ज भरण्याची मुदत लाट येण्याच्या बरीच आधी संपते. मी पहिल्या वर्षी जानेवारीत करपलेल्या पानांचे फोटो घेऊन चौकशीला गेले होते.

त्या फोटोंचा तसाही उपयोग नव्हता. या योजनेत कमी तापमानाची भरपाई तुमच्या बागेतील नुकसान पाहून ठरत नाही. तुमच्या महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्राने ठरलेल्या काळात, ठरलेल्या अंशांखाली, ठरलेले सलग दिवस नोंदवले का, यावर ठरते. त्यामुळे तुमच्या ओढ्याकाठी ४ अंश आणि मंडळाच्या केंद्रावर ९ अंश असतील, तर नुकसान तुमचे आणि नोंद केंद्राची धरली जाते. अर्जापूर्वी त्या वर्षीचे निकष वाचून घ्यावेत आणि आपले केंद्र नेमके कुठे बसवले आहे ते पाहून यावे. तयार ठेवण्याची कागदपत्रे अशी: सातबारा व आठ-अ, आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणीतील, म्हणजे सरकारी ॲपवर केलेली, पिकाची नोंद, बागेचा अक्षांश-रेखांशासह फोटो, आणि जमीन कुळाने किंवा भाडेपट्ट्याने असल्यास करारनामा. ई-पीक पाहणीत केळीऐवजी मागच्या वर्षीचे सोयाबीनच राहिलेले असते, ते तपासावे. शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत विचारता येते.

१०. लाट ओसरल्यावर

आता कोयता घेऊन बागेत शिरू नये. थंडीचे नुकसान त्याच सकाळी पूर्ण दिसत नाही, चार ते आठ दिवसांनी दिसते. कडा करपलेल्या पानाचाही मधला हिरवा भाग झाडाला अन्न देत असतो, आणि पुढच्या लाटेत तेच पान पोग्यावर आडोसा धरते. नत्राचा मोठा हप्ताही लगेच टाकू नये; गार जमिनीत मुळे तो उचलत नाहीत. पारा सलग आठवडाभर १२ अंशांच्या वर राहू लागला की मग बुंध्याभोवती निंबोळी पेंड आणि खताचा नेहमीचा हप्ता सुरू करावा.

झाड जगले की गेले, हे पानांवरून ठरवू नये. मधला पोगा बोटांत धरून हलकेच ओढून पाहावा. तो सहज उपटून आला आणि खालचे टोक मऊ, काळसर असेल तर ते झाड बदलावे. घट्ट बसलेला असेल तर पोग्यावर शाईने एक खूण करून आठ दिवस थांबावे. आम्ही त्या फेब्रुवारीत एकशे दहा रोपांवर अशा खुणा केल्या होत्या. मामंजी रोज सकाळी चहा घेऊन तिकडे फेरी मारायचे आणि आज कोणती खूण किती वर सरकली ते परतल्यावर मोजून सांगायचे. एकोणीस रोपे बदलावी लागली.

बदललेल्या जागा आणि त्या दिवसांतील पहाटेचे आकडे एकाच वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या सप्टेंबरात कांदेबागेची आखणी करताना ही वहीच घेऊन शेतात जावे.